शेजारी आधी कसा ओरडतो?

मोशीत नाहीतर चाकणला तुम्ही मोबाइलवर सामना बघताय. गोलंदाज धावत येतोय... आणि शेजारच्या घरातून ओरडा, ‘आउट!’ तुमच्या पडद्यावर तर चेंडू अजून त्याच्या हातातच! शेजाऱ्यांना भविष्य कळतं की काय?

छे! त्यांचा टीव्ही डिशवर चालतो. मोबाइलवरचं चित्र तुकड्या-तुकड्यांनी इंटरनेटवरून येतं. मध्येच अडकू नये म्हणून मोबाइल आधी थोडे तुकडे साठवतो, मग दाखवतो. त्यात बरेच सेकंद जातात.

जुना रेडिओ मात्र भलताच चपळ! समजा, पुण्याच्या नेहरू स्टेडियममध्ये बाळ ज. पंडित माइकसमोर बसलेत. पंडित महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळले आणि पुढे आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेटचं समालोचन करू लागले. त्यांचा आवाज 34 मीटरवरच्या प्रेक्षकाला ऐकू यायला सेकंदाचा दहावा भाग लागणार, कारण हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटरच जातो. पण रेडिओलहर? सेकंदाला 3 लाख किलोमीटर! म्हणून पिंपरीच्या कारखान्यात कानाला ट्रान्झिस्टर लावलेल्या कामगाराला तोच शब्द त्या प्रेक्षकाच्या आधी ऐकू यायचा. आहे की नाही गंमत?

वेगाचं काम यंत्र करतं हो, पण न दिसणारं मैदान डोळ्यांपुढे उभं करायचं काम माणसाचंच. 15 जानेवारी 1927 रोजी बीबीसीने इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचं धावतं वर्णन लंडनजवळच्या ट्विकनहॅमहून ऐकवलं. ब्रिटनमधलं हे असं पहिलंच वर्णन. बोलणारा टेडी वेकलम स्वतः हार्लेक्विन्स क्लबकडून रग्बी खेळलेला. मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा बीबीसीच्या साप्ताहिकात छापला होता. चेंडू जिथे जाईल त्या चौकोनाचा आकडा दुसरा माणूस पुकारायचा. आणि वेकलमसमोर मुद्दाम एका अंध माणसाला बसवलं होतं. त्याला सामना सांगायचा, म्हणजे सगळ्यांना दिसेल! मला ही युक्ती फार आवडते.

वेकलम काय, पंडित काय, दोघंही आधी खेळाडू. खेळलेला माणूस नुसता चेंडू बघत नाही; क्षेत्ररक्षक कुठे सरकला, फलंदाजाने पाय कुठे टाकला, हेही टिपतो. तेच ऐकणाऱ्याला हवं असतं.

आता तुम्ही करून बघा. आजोबांना टीव्हीकडे पाठ करून बसवा, टीव्हीचा आवाज बंद करा आणि एक षटक त्यांना सांगा. मग विचारा, ‘आजोबा, कोणता क्षेत्ररक्षक कुठे होता?’ त्यांनी बरोबर सांगितलं, तर तुम्हाला समालोचन जमलं!