रॅकेट निवडा, पण पोस्टर बघून नको!

टेनिसच्या उन्हाळी शिबिराची फी भरली, बूट आले, टोपी आली आणि गाडी अडली ती रॅकेटपाशी. दुकानात भिंतभर रॅकेटी टांगलेल्या. प्रत्येकीवर आकड्यांची रांग: १००, ३००, १६×१९, एल-२. बहुतेक जण या आकड्यांकडे काणाडोळा करतात आणि आवडत्या खेळाडूच्या हातात दिसते तीच उचलतात. फसगत होते ती इथंच. कोणती रॅकेट तुमच्या हाताला मानवेल, हे सांगणारे हेच तर आकडे! त्यांच्यामागे टेनिसच्या इतिहासातले एकापेक्षा एक भन्नाट किस्सेही दडलेत. किस्से वाचा, धडे उचला आणि मगच खिशात हात घाला.

वजनाला नियमच नाही!

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांनुसार रॅकेटची लांबी जास्तीत जास्त २९ इंच आणि रुंदी साडेबारा इंच असू शकते. वजन? त्यावर एका ओळीचंही बंधन नाही. लाकडी रॅकेटी ३७० ते ४०० ग्रॅमपर्यंत भरायच्या. आज दुकानात २५५ पासून ३२० ग्रॅमपर्यंतच्या मुबलक मिळतात. छापलेलं वजन बहुधा तारांशिवायचं असतं. तारा आणि वरची ग्रिप चढली की वीस-पंचवीस ग्रॅम वाढतात.

कामाची गोष्ट: नवशिक्या प्रौढांना २७० ते २८५ ग्रॅम सोयीचं. नियमित खेळणाऱ्यांना ३०० च्या आसपास. तासभर खेळल्यावर खांदा भरून येत असेल आणि फटका उशिरा बसत असेल, तर रॅकेट तुम्हाला जड होतेय.

स्कीवाल्याने मोठं केलेलं हेड

हॉवर्ड हेड हा अमेरिकेतला विमान उद्योगातला अभियंता. आधी त्यानं धातूच्या स्की बनवून नाव कमावलं. नंतर टेनिसकडे वळला, पण चेंडू काही नीट लागेना. रॅकेट हातात वळायची, फटका वाकडा जायचा. त्यानं अभियंत्याच्या डोक्यानं विचार केला: हेड, म्हणजे तारांचा गोल भाग, रुंद केलं तर रॅकेट वळणार कमी. त्यातून १९७६ मध्ये आली ॲल्युमिनियमची ‘प्रिन्स क्लासिक’. लाकडी रॅकेटचं हेड साधारण ६५ ते ७० चौरस इंचांचं असायचं. हिचं होतं तब्बल ११०!

लोकांनी नाकं मुरडली. पण १९७८ मध्ये १६ वर्षांची पॅम श्रायव्हर हीच रॅकेट घेऊन अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोचली, तीही उपांत्य सामन्यात मार्टिना नवरातिलोव्हाला हरवून. मग नाकं मुरडणाऱ्यांचीच रांग लागली.

कामाची गोष्ट: हेड मोठं तेवढी चुकीला माफी जास्त. नवशिके आणि दुहेरी खेळणारी ज्येष्ठ मंडळी यांनी १०० ते ११० चौरस इंच बघावं. फटका दर वेळी मधोमध बसवणाऱ्यांनीच ९५ ते ९८ च्या वाटेला जावं.

टी-शर्टवरची मगर आणि स्टीलची रॅकेट

टी-शर्टवरची मगर ज्याच्या टोपणनावावरून आली, तो रेने लाकोस्त फ्रान्सचा अव्वल टेनिसपटू होता. खेळ थांबला तरी त्याचं डोकं थांबलं नाही. त्यानं धातूची रॅकेट बनवली आणि तीच पुढे १९६७ मध्ये ‘विल्सन टी-२०००’ नावानं बाजारात आली. जिमी कॉनर्सनं ती वर्षानुवर्षं सोडली नाही. इतर अनेकांच्या हातात मात्र तिचं गणित फारसं जमलं नाही. एकाला लाभलेली रॅकेट दुसऱ्याला लाभेलच असं नाही, याचा हा पक्का पुरावा.

लाकडाची अखेर

जुन्या जिमखान्यांच्या कपाटात अजून एखादी लाकडी रॅकेट सापडते, चार कोपऱ्यांना स्क्रू असलेल्या चौकटीत आवळलेली. ती चौकट म्हणजे प्रेस. पावसाळी दमट हवेत लाकूड वाकडं होऊ नये म्हणून खेळ संपला की रॅकेट तिच्यात घालून स्क्रू पिळायचे.

१९८१ ची विम्बल्डनची अंतिम लढत ब्योर्न बोर्ग आणि जॉन मॅकेन्रो दोघेही लाकडी रॅकेटनं खेळले. १९८३ मध्ये यानिक नोआनं फ्रेंच ओपन जिंकली, ती लाकडी रॅकेटनं मिळवलेलं पुरुष एकेरीचं शेवटचं ग्रँड स्लॅम म्हणून ओळखली जाते. १९९१ मध्ये बोर्ग पुनरागमनासाठी मॉन्टे कार्लोत उतरला, हातात पुन्हा लाकूडच. समोरच्या जोर्डी आरेसेनं त्याला सरळ दोन सेटमध्ये घरी पाठवलं. तोवर ग्रॅफाइटनं मैदान काबीज केलं होतं: वजनाला हलकं, ताकदीला दणकट आणि पावसाला न जुमानणारं.

कामाची गोष्ट: आजोबांची लाकडी रॅकेट भिंतीवर जपून लावा. नातवाला शिकायला ती देऊ नका.

फेडररनंही बदलली!

पीट सॅम्प्रासनं आपली १४ ग्रँड स्लॅम विजेतेपदं ८५ चौरस इंचांच्या चिमुकल्या हेडनं मिळवली. वर शिशाच्या पट्ट्या चिकटवून रॅकेट आणखी जड केलेली. रॉजर फेडररनं कारकिर्दीची ऐन भरातली वर्षं ९० चौरस इंचांनी गाजवली. पण वय वाढलं, प्रतिस्पर्ध्यांचे टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेनं फिरकी दिलेले फटके, खांद्याच्या उंचीवर उसळू लागले. २०१४ मध्ये त्यानं ९७ चौरस इंच हाती घेतलं. २०१७ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्याच आकारानं नदालला पाच सेटमध्ये हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. त्याच्या एकहाती बॅकहँडची तेव्हा सगळीकडे वाहवा झाली.

कामाची गोष्ट: शरीर बदलतं तशी रॅकेटही बदलायला हवी. फेडररला त्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

‘स्पॅगेटी’नं उडवली दाणादाण

१९७७ पर्यंत रॅकेट कशी असावी याचे नियमच नव्हते. बव्हेरियातल्या वेर्नर फिशर या बागायततज्ज्ञानं त्याचा फायदा उठवला. उभ्या तारांचे दोन थर, ते आडव्या तारांत विणलेले नाहीत, वर प्लॅस्टिकच्या नळ्या. चेंडू लागला की तारा सरकायच्या आणि परत झटक्यात जागेवर यायच्या, त्यामुळे चेंडूला अचाट फिरकी मिळायची. ऑक्टोबर १९७७ मध्ये इली नस्तासे ही रॅकेट घेऊन गिलेर्मो विलाससमोर उभा ठाकला. विलास तेव्हा मातीच्या कोर्टवर सलग ५३ सामने जिंकून आला होता. दोन सेट गमावल्यावर त्यानं वैतागून सामनाच सोडला! लगोलग या रॅकेटवर बंदी आली आणि १९७८ मध्ये नियम लिहिले गेले.

तारा सरकण्याची जादू मात्र कायदेशीर रूपात आजही आहे. १६×१९ म्हणजे १६ उभ्या, १९ आडव्या तारा: जाळी विरळ, फिरकी भरपूर. १८×२० म्हणजे जाळी दाट, चेंडूवर ताबा जास्त.

कामाची गोष्ट: टॉपस्पिन मारायला आवडतं? १६×१९. सपाट, नेमके फटके मारता? १८×२०.

गटिंग: खरी करामत इथंच

चेंडूला फ्रेम लागते ती चुकून. खेळतात त्या तारा! तरीही माणूस महागडी रॅकेट घेतो आणि गटिंगच्या, म्हणजे तारा ओवण्याच्या, वेळी ‘कोणतंही चालेल’ म्हणून मोकळा होतो. हा टेनिसमधला सगळ्यात महागडा निष्काळजीपणा.

चेंडू तारांवर टेकतो तो सेकंदाच्या जेमतेम दोनशेव्या भागापुरता. तारा सैल असतील तर त्या ताणल्या जाऊन चेंडूला जोरानं परत ढकलतात. घट्ट असतील तर जोर कमी, पण दिशा नेमकी. बहुतेकांना ५० ते ६० पौंडांचा ताण पुरतो. बोर्गची रॅकेट साधारण ८० पौंडांना ओढलेली असायची. इतकी घट्ट, की रात्री हॉटेलच्या खोलीत तारा आपोआप तुटायच्या.

साहित्याचीही मोठी गंमत आहे. अस्सल ‘गट’ म्हणजे जनावराचं आतडं. फ्रान्समधली बाबोला कंपनी १८७५ पासून या तारा बनवत आली आहे. त्यांच्याइतका मऊ स्पर्श आजही दुसऱ्या कशाला नाही, पण महाग आणि पाण्याला भिणाऱ्या. मग १९९७ मध्ये जागतिक क्रमवारीत ६६ वा असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन पॉलिएस्टरच्या कडक तारा लावून आला आणि थेट फ्रेंच ओपन घेऊन गेला. त्यानंतर व्यावसायिक टेनिसमध्ये पॉलिएस्टरची लाट आली.

कामाची गोष्ट: ती लाट हौशी हातांसाठी नाही. पॉलिएस्टर कोपराला हादरे देतं आणि ताणही लवकर गमावतं. आपल्यासाठी मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची तार) किंवा सिंथेटिक गट उत्तम. आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्या वेळा गटिंग करा, तार तुटली नसली तरी. ताण बदलायचा तर एका वेळी दोनच पौंडांनी.

बोटावर तोला

दोन रॅकेटी वजनाला सारख्या, तरी एक हलकी वाटते आणि दुसरी जड. हा खेळ तोलाचा. प्रमाण रॅकेट २७ इंचांची, म्हणजे मध्यबिंदू साडेतेरा इंचांवर. तिथं तर्जनी ठेवून रॅकेट आडवी धरा. मुठीकडे कलली तर ती ‘हेड-लाइट’: व्हॉलीसाठी नेटजवळ चपळ. हेडकडे कलली तर ‘हेड-हेवी’: हलक्या फ्रेमलाही मागून जोर. अगदी हलक्या रॅकेटी बहुधा हेड-हेवी असतात आणि जड रॅकेटी हेड-लाइट. दुकानात हे करायला दहा सेकंद लागतात, पण करतं कोण?

मूठ मापात हवी

ग्रिपची मापं एल-० ते एल-५. फोरहँडसारखी रॅकेट पकडा. बोटांची टोकं आणि तळव्याचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी घालून बघा. ती नेमकी बसली तर माप बरोबर. शिरलीच नाही तर ग्रिप लहान, बाजूला जागा उरली तर मोठी. लहान ग्रिपमध्ये रॅकेट वळू नये म्हणून मूठ आवळावी लागते आणि त्याचा हिशेब मनगट, कोपर चुकते करतात.

कामाची गोष्ट: दोन मापांत अडलात तर लहान घ्या. वर ओव्हरग्रिप गुंडाळून जाडी वाढवता येते, कमी करणं मात्र जिकिरीचं.

सचिनचा ‘टेनिस एल्बो’

टेनिस न खेळताही टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचं दुखणं, होतो, हे महाराष्ट्राला २००४ मध्ये सचिन तेंडुलकरमुळे घरोघरी कळलं. जडशीळ बॅट पेलणाऱ्या त्या कोपरावर २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. पण म्हणून टेनिसमध्ये पिसासारखी रॅकेट घेतली की कोपर वाचलं, असं मुळीच नाही. अति हलकी आणि ताठ फ्रेम चेंडूचा धक्का पेलत नाही, तो सरळ हातात येतो. कोपर कुरकुरत असेल तर लवचिक फ्रेम, मऊ तारा आणि झेपेल तेवढं वजन ही त्रिसूत्री पाळा. दुखणं थांबत नसेल तर दुकानदाराकडे नव्हे, डॉक्टरांकडे जा.

आणि तारांत खोचलेलं ते रबरी बटण, डॅम्पनर? त्यानं ‘टंग’ आवाजाचा ‘टप’ होतो, इतकंच. कोपराला त्याचा उपयोग नाही. लावायचंच तर विणलेल्या तारांच्या जाळीबाहेर, असा नियम आहे.

‘वाढत्या अंगाची’ नको!

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्या, रॅकेट नको. १९ पासून २६ इंचांपर्यंत मुलांची मापं मिळतात. मुलाला ताठ उभं करा, रॅकेट हातात देऊन हात सरळ खाली सोडायला सांगा. टोक जमिनीला हलकेच टेकलं तर माप योग्य. सोबत चेंडूही वयाचा हवा: लाल ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के.

रॅकेटी संपल्या, सामना संपला!

२००० मध्ये ब्रायटनच्या स्पर्धेत गोरान इव्हानिसेविचनं रागाच्या भरात आपल्या तिन्ही रॅकेटी मोडल्या. खेळायला हातात काही उरलंच नाही, सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल! पुढच्याच वर्षी याच गोराननं वाइल्ड कार्डवर येऊन विम्बल्डन जिंकलं.

कामाची गोष्ट: स्पर्धा खेळत असाल तर एकाच मॉडेलच्या, एकाच ताणाच्या दोन रॅकेटी पिशवीत ठेवा. तार कधीही तुटते.

पोस्टरमागचं गुपित

अनेक व्यावसायिक खेळाडूंच्या हातात जुनीच फ्रेम असते, तिच्यावर फक्त नव्या मॉडेलचा रंग चढवलेला. शिवाय वजन, तोल, मूठ सगळं त्यांच्या मापानं घडवलेलं. दुकानातली तशीच दिसणारी रॅकेट ही ती रॅकेट नसते. रंगावर भाळून पैसे मोजू नका.

झटपट निवड

* नवशिके प्रौढ: २७०–२८५ ग्रॅम, १००–१०५ चौरस इंच, सिंथेटिक गट
* नियमित क्लब खेळाडू: ३०० ग्रॅम, १०० चौरस इंच, १६×१९
* ज्येष्ठ, दुहेरीवाले: २६०–२८० ग्रॅम, १०५–११० चौरस इंच, मऊ तारा
* कसलेले स्पर्धक: ३०५ ग्रॅमच्या पुढे, ९५–९८ चौरस इंच

हे आकडे सुरुवातीपुरते. शेवटचा कौल कोर्टवरच लागतो. घेण्याआधी क्लबातल्या मित्राची, प्रशिक्षकाची किंवा दुकानातली चाचणीची रॅकेट मागून घ्या. फोरहँड, बॅकहँड, व्हॉली आणि सर्व्हिस, चारही फटके मारून बघा. पहिल्या पाच मिनिटांत नवी रॅकेट सगळ्यांनाच आवडते. तासाभरानं, दमलेल्या हातालाही जी नकोशी होत नाही, तिचेच पैसे द्या.