टेबलावर बसण्याआधी

पणजीला मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या एका कॅसिनो-जहाजावर मी पोकरची डीलर होते. पत्ते वाटायचे, पॉट मोजायचा, जिंकणाऱ्याकडे चिप्स सरकवायच्या, आणि सुट्टी मिळाली की कुडाळची एसटी पकडायची. डीलर स्वतः डावात नसते, त्यामुळे तिला हात आणि चेहरे निवांत बघता येतात. टेबलावरचे शब्दही ती रोज ऐकते. कोण कोणता शब्द वापरतो आणि रात्र संपताना त्याच्यासमोर किती चिप्स उरतात, याचा संबंध मला तिथे दिसू लागला.

नवा खेळाडू आधी रंगीत शब्द उचलतो. एक्क्यांच्या जोडीला ‘पॉकेट रॉकेट्स’ म्हणणं, ‘ऑल इन’ म्हणत सगळ्या चिप्स पुढे ढकलणं, हे त्याला पहिल्याच रात्री जमतं. ‘पोझिशन’, ‘आउट्स’, ‘पॉट ऑड्स’, ‘रेक’ हे रुक्ष शब्द तो नंतरसाठी ठेवतो. पैसा मात्र हेच शब्द येणाऱ्यांकडे जातो. म्हणून मी रुक्ष शब्दांना जास्त जागा देणार आहे.

डावाची चौकट

पोकरचे प्रकार बरेच आहेत. जगभर सर्वाधिक खेळला जातो तो ‘टेक्सस होल्डेम’. टेक्सासमधलं रॉब्सटाउन हे त्याचं जन्मगाव, असं त्या राज्याच्या विधिमंडळानेच मान्य केलं आहे. तिथून तो लास वेगासला गेला, आणि तिथल्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत १९७० साली ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ सुरू झाली.

प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात, ते ‘होल कार्ड्स’. मग टेबलाच्या मध्यभागी सगळ्यांचे सामाईक पाच पत्ते उघडतात. आधी एकदम तीन, तो ‘फ्लॉप’. मग एक, तो ‘टर्न’. शेवटचा एक, तो ‘रिव्हर’. प्रत्येक वेळी उघडण्याआधी डीलर वरचा एक पत्ता न दाखवता बाजूला टाकते, त्याला ‘बर्न’ म्हणतात. वरच्या पत्त्यावर कुणी खूण केली असेल तर तिचा फायदा मिळू नये, यासाठी ही काळजी. आपले दोन आणि मधले पाच अशा सातांतून उत्तम पाच पत्त्यांचा हात धरायचा. फेकलेल्या पत्त्यांचा ढीग म्हणजे ‘मक’. मकमध्ये गेलेला पत्ता मेला. तो परत मागता येत नाही.

आमच्या कोकणात गणपतीच्या जागरणाला पत्ते खेळतात, तीन पत्ती घरोघरी ठाऊक असते. पण तीन पत्तीचे दोन संस्कार पोकरला बसण्याआधी बाजूला ठेवावे लागतात. तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ म्हणजे पत्ते न बघता केलेली चाल. पोकरमध्ये ‘ब्लाइंड’ म्हणजे पत्ते वाटण्याआधीच टाकायची सक्तीची रक्कम. आपल्या ‘बूट’सारखीच ती असते, पण सगळे नाही, फक्त दोघे टाकतात. छोटी ती ‘स्मॉल ब्लाइंड’, मोठी ती ‘बिग ब्लाइंड’.

दुसरा संस्कार क्रमाचा. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरवर मात करतो, पोकरमध्ये ‘फ्लश’ म्हणजे कलर ‘स्ट्रेट’वर मात करतो. कारण मोजणीत आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत कलरचे १,०९६ आणि साध्या सिक्वेन्सचे ७२०. पाच पत्त्यांचे हात होतात २५,९८,९६०. त्यांत स्ट्रेटचे १०,२०० आणि फ्लशचे फक्त ५,१०८. दुर्मीळ हात वरचा, हा दोन्हीकडचा न्याय. स्ट्रेट हातात असताना समोरच्याचा फ्लश बघून ‘मी जिंकलो’ म्हणत पॉटकडे हात नेणारे पाहुणे मी पुष्कळ पाहिले.

फ्लशच्या वर ‘फुल हाउस’, म्हणजे एकाच किमतीचे तीन आणि शिवाय एक जोडी. खेळाडू त्याला ‘बोट’ म्हणतात. त्यावर चार सारखे, म्हणजे ‘क्वाड्स’, आणि त्यावर ‘स्ट्रेट फ्लश’. मधले पत्ते बघता ज्याच्यावर कुणाचाच हात असू शकत नाही, तो ‘नट्स’. हातातली जोडी आणि मधला एक मिळून तीन झाले तर ‘सेट’. मधली जोडी आणि हातातला एक मिळून तीन झाले तर ‘ट्रिप्स’. सेट जास्त किमती, कारण समोरच्याला तो दिसत नाही.

बोलण्याचे आणि बसण्याचे शब्द

आपली पाळी आली की पर्याय मोजकेच. पैसे न लावता पाळी पुढे देणं ‘चेक’. पहिले पैसे लावणं ‘बेट’. समोरच्याइतके भरणं ‘कॉल’, वाढवणं ‘रेज’, पत्ते टाकून देणं ‘फोल्ड’. तीन पत्तीतलं ‘पॅक’ ते हेच. सगळ्या चिप्स लावल्या की ‘ऑल इन’. अशा माणसापेक्षा इतरांकडे जास्त चिप्स असतील तर जादा पैशांचा वेगळा ‘साइड पॉट’ होतो, आणि त्यावर ऑल इन झालेल्याचा हक्क नसतो.

फ्लॉपआधी न वाढवता नुसता बिग ब्लाइंड भरून आत शिरणं म्हणजे ‘लिंप’. रेजवर पुन्हा रेज म्हणजे ‘थ्री-बेट’. ब्लाइंड पहिली बेट, रेज दुसरी, ही तिसरी. फ्लॉपआधी रेज केलेल्याने फ्लॉपवरही बेट लावली की ‘सी-बेट’. आधी चेक करून गप्प बसायचं आणि समोरच्याने बेट लावली की वाढवायचं, तो ‘चेक-रेज’.

‘पोझिशन’ म्हणजे बोलण्याच्या क्रमातली जागा. ‘डीलर बटन’ नावाची गोल चकती दर डावाला एक जागा पुढे सरकते. फ्लॉपनंतर बटनवाला सगळ्यात शेवटी बोलतो, म्हणजे सगळ्यांनी काय केलं हे त्याला कळलेलं असतं. बिग ब्लाइंडच्या लगेच पुढची जागा ‘अंडर द गन’. तिथला माणूस फ्लॉपआधी सगळ्यात पहिला बोलतो, आणि त्याला कुणाचाच अंदाज नसतो. बटनच्या आधीची जागा ‘कट-ऑफ’, त्याआधीची ‘हायजॅक’. एक्का-दहा हा हात बटनवर खेळण्याजोगा असतो; नऊ जणांच्या टेबलावर अंडर द गनला बसलेला जाणता खेळाडू तोच हात निमूट फेकतो.

हिशेबाचे शब्द

‘आउट्स’ म्हणजे आपला हात बनवू शकणारे शिल्लक पत्ते. तुमच्याकडे बदामचे दोन पत्ते आहेत, फ्लॉपवर आणखी दोन बदाम आले. हा ‘फ्लश ड्रॉ’. बदाम तेरा, चार दिसले, नऊ उरले: आउट्स नऊ. पाच-सहा-सात-आठ असेल तर चार किंवा नऊ, दोन्ही टोकांनी स्ट्रेट होतो. तो ‘ओपन एंडेड’, आउट्स आठ. मधलाच पत्ता हवा असेल तर ‘गटशॉट’, आउट्स फक्त चार.

टेबलावर बसून टक्केवारी काढायची सोपी रीत आहे. एकच पत्ता यायचा असेल तर आउट्सना २ ने गुणा, दोन यायचे असतील तर ४ ने. नऊ आउट्सचा फ्लश टर्न आणि रिव्हर मिळून सुमारे ३५ टक्के वेळा पुरा होतो, नुसत्या रिव्हरवर १९.६ टक्के. गटशॉट दोन पत्त्यांत जेमतेम साडेसोळा टक्के.

आता ‘पॉट ऑड्स’. टर्न उघडला आहे, तुम्हाला फ्लशसाठी शेवटचा बदाम हवा आहे. पॉटमध्ये २,००० आहेत आणि समोरच्याने २,००० लावले. तुम्ही २,००० भरलेत तर पॉट होईल ६,०००, त्यातला तुमचा भरणा एक तृतीयांश. म्हणजे तीनातून एकदा जिंकलात तरच हा कॉल परवडतो. तुमची शक्यता पाचातून एकही नाही, फोल्ड करा. त्याने फक्त ५०० लावले असते तर ३,००० च्या पॉटमध्ये तुमचा भरणा १६.७ टक्के आणि शक्यता १९.६, मग कॉल योग्य. हा हिशेब करणारा माणूस त्या डावात हरला तरी त्याचा निर्णय बरोबर राहतो. पोकरचं सगळं शहाणपण या एका वाक्यात आहे.

‘बॅड बीट’ समजायचा तोही याच नजरेने. एक्क्यांची जोडी बादशहांच्या जोडीसमोर फ्लॉपआधी ऑल इन गेली, तर ती सुमारे ८२ टक्के वेळा जिंकते. उरलेल्या वेळी हरते, आणि त्यात कुणी फसवलेलं नसतं. दोन्हीकडे इतके भारी हात की पैसे जाणारच होते, अशा डावाला ‘कूलर’ म्हणतात. बॅड बीट झालेला खेळाडू बहुतेक वेळा डीलरकडे रागाने बघतो. आम्ही नजर पत्त्यांवर ठेवायचो आणि पुढचा डाव वाटायचो.

टोपणनावं

दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात, त्यांतल्या सहाच एक्क्यांच्या. म्हणजे ‘रॉकेट्स’ सरासरी २२१ डावांत एकदा. बादशहांची जोडी ‘काउबॉइज’, राण्यांची ‘लेडीज’, गुलामांची ‘हुक्स’, अठ्ठ्यांची ‘स्नोमेन’, दुर्र्यांची ‘डक्स’. एक्का-बादशहा ‘बिग स्लिक’. दहा-दुर्री या सुमार हाताला ‘डॉयल ब्रन्सन’ म्हणतात, कारण टेक्सासच्या ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हातात हेच पत्ते होते. काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या म्हणजे ‘डेड मॅन्स हँड’. २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवूड गावात पोकर खेळताना ‘वाइल्ड बिल’ हिकॉकला पाठीमागून गोळी घातली गेली, तेव्हा त्याच्या हातात हे पत्ते होते अशी आख्यायिका आहे.

माणसांनाही नावं आहेत. कच्चा खेळाडू ‘फिश’, श्रीमंत आणि बेफिकीर हरणारा ‘व्हेल’, मुरलेला ‘शार्क’. फक्त भारी हात खेळणारा ‘निट’. काहीही असो, कॉलच करणारा ‘कॉलिंग स्टेशन’. त्याच्यासमोर ‘ब्लफ’ म्हणजे थाप मारू नये, कारण तो फोल्ड करतच नाही. कुणाला तोंडावर ‘फिश’ म्हणू नये, हे मी कळकळीने सांगते. शिकणाऱ्या माणसाचा अपमान करणारे टेबल मला कधीच आवडलं नाही.

शिष्टाचाराचे शब्द नव्यांनी जरूर शिकावेत. थोड्या चिप्स ठेवून, अंदाज घेऊन, मग आणखी ठेवणं म्हणजे ‘स्ट्रिंग बेट’. ते चालत नाही. म्हणून आधी रक्कम तोंडाने सांगावी. बोललेला शब्द बांधील असतो. चिप्स पॉटमध्ये भिरकावणं ‘स्प्लॅश’. त्या आपल्यासमोर नीट ठेवाव्यात, म्हणजे डीलरला मोजता येतात. जिंकणारा हात असून दाखवायला मुद्दाम वेळ लावणं ‘स्लो रोल’, आणि नियमाच्या फटीतून समोरच्याला गंडवणं ‘अँगल शूटिंग’. दोन्ही हलकटपणा समजले जातात.

स्पर्धेची भाषा थोडी वेगळी. चिप्स संपल्या की बाहेर, तो ‘फ्रीझआउट’. मोठ्या स्पर्धेचा प्रवेश बक्षीस म्हणून देणारी छोटी स्पर्धा ‘सॅटेलाइट’. आणखी एक जण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस, तो टप्पा ‘बबल’. १९८२ साली जॅक स्ट्रॉस एका ५०० च्या चिपवरून सावरून मुख्य स्पर्धा जिंकला, तेव्हापासून ‘एक चिप आणि एक खुर्ची’ हे आशेचं वचन झालं. २००३ साली टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून आला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते, पुढच्या वर्षी २,५७६ झाले. या गोष्टी खऱ्या आहेत. त्याच स्पर्धांत रिकाम्या हाताने परतलेल्या बाकी सगळ्यांची गोष्टही तितकीच खरी आहे.

उठण्याचे शब्द

‘रेक’ म्हणजे प्रत्येक पॉटमधून कॅसिनो कापून घेतो ती रक्कम, साधारणपणे पॉटचे काही टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. ती मी माझ्या हाताने कापली आहे. खेळाडू एकमेकांशी खेळतात, पण रेकमुळे टेबलावरचा एकूण पैसा डावागणिक कमी होत जातो. शेजाऱ्यापेक्षा थोडंसं बरं खेळणं म्हणून पुरत नाही. रेक भरूनही उरेल इतकं बरं खेळावं लागतं. बहुतेकांना ते जमत नाही.

‘बँकरोल’ म्हणजे खेळासाठी वेगळी काढलेली, पूर्ण गेली तरी घरातलं काहीही अडणार नाही अशी रक्कम. घराचा हप्ता, मुलांची फी, उसने पैसे ही बँकरोल नव्हे. आणि ‘टिल्ट’ म्हणजे हरल्याच्या रागात विचार सुटून खेळणं. टिल्टवर गेलेला माणूस डीलरला लगेच ओळखू येतो: चिप्स जोरात आपटतो, पत्ते नीट न बघताच कॉल करतो, बायकोचा फोन कापतो. तो माणूस तुम्ही असाल, तर खुर्ची सोडा.

कायदाही ठाऊक हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने देशभर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पोकर आणि रमीही त्यात आले. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. गोव्यात परवानाधारक कॅसिनो आहेत, तिथे २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही.

पोकरचा मेंदूला होणारा फायदा घ्यायला पैसे लागत नाहीत. घरी चिंचोके वाटून घ्या, चौघांना बसवा, आउट्स मोजा, पॉट ऑड्स काढा, बटन फिरवा. आणि कधी पैसे लावून खेळायला बसलातच, तर किती रक्कम गेल्यावर उठायचं ते बसण्याआधी कागदावर लिहा, आणि त्या आकड्याला उठा.