शाळेचा आराखडा आणि गुरुजींची शिवारफेरी



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि खोडवा यांविषयीच लिहीत आलो. या खेपेस शाळेविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याच्या माणसाला हा उद्योग कोणी सांगितला, असे काही जण म्हणतील. कारण असे की, यंदाच्या गटसभांत चार गावांनी एकच मागणी केली: कारखान्याच्या शैक्षणिक मदतीतून आमच्या जिल्हा परिषद शाळेस कमान बांधून मिळावी. एका गावाने तर कमानीवर नाव कोणाचे घालायचे तेही ठरवून आणले होते. आणि त्याच चार गावांतून रोज सकाळी तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाड्या भरभरून जातात. कमान उभी राहीपर्यंत तिच्याखालून आत जायला पोरं उरणार किती, हा प्रश्न आम्ही सभेत विचारला नाही. तेथे वाद नको होता. तो येथे विचारीत आहोत, आणि आमच्या स्वतःच्या गावी काय घडले तेही सांगत आहोत. त्यात आमची एक चूक आहे, ती आधी.

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमाने शाळेला व्यवस्थापन समिती आली. तिच्यात किमान पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. २२ व्या कलमाने या समितीने शाळेचा विकास आराखडा करावयाचा असतो. नियमांप्रमाणे तो तीन वर्षांचा, त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा पोटआराखडा. म्हणजे कागदोपत्री आपण पालक शाळेचे नुसते प्रेक्षक नाही. आपल्या कारखान्यात सभासदाला जसा अधिकार आहे, तसाच येथेही आहे.

धाकट्या मुलीमुळे आम्ही २०२२ साली या समितीवर गेलो. मुख्याध्यापकांनी आराखड्याचा कागद पुढे केला तेव्हा हंगाम सुरू झालेला, टोळ्या उतरत होत्या. मोटारसायकलवर बसल्या बसल्याच आम्ही सही ठोकली. तुमच्यापैकी कोणी न वाचता ऊस नोंदीवर सही केली तर आम्हीच त्याला बोलतो, हे तुम्ही जाणताच.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या नोव्हेंबरात, एका सभेत तोच कागद सहज वाचायला घेतला. तिसऱ्या पानावर वाक्य होते, ‘नदीकडील बाजूस संरक्षक भिंत आवश्यक.’ आमच्या गावाला नदी नाही. ओढा आहे, तोही शाळेपासून अर्ध्या मैलावर. दुसऱ्या कुठल्या तरी गावचा आराखडा नाव बदलून उतरवला होता. सगळे हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. म्हणाले, “साहेब, मास्तर दोन, वर्ग चार, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, वरून रोज ऑनलाइन माहिती मागतात. आराखडा लिहायला बसू कधी?” त्यांचेही खोटे नव्हते. साठ पोरांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोनच शिक्षक मिळतात.

मग आराखड्यात मुळात काय असावे, हे आम्ही पाहिले. केंद्राच्या नमुना नियमांत वर्गवार पटाचा अंदाज, जादा शिक्षक किती लागतील, बांधकाम व सोयी काय हव्यात आणि जादा पैसा किती, अशा बाबी सांगितल्या आहेत. सगळे मोजता येण्यासारखे. पण पोराला वाचता येते का आणि गुरुजींना कोठे अडते, हे त्या यादीत नाही. माती परीक्षण न करता खताची मागणी लिहावी तसा हा प्रकार. ऊस पिवळा का पडला ते पाहायचे नाही, पोती मात्र मोजायची.

म्हणून पहिले काम माती परीक्षणाचे केले. ‘असर’ या पाहणीत २००५ पासून वाचनाची एक साधी चाचणी वापरतात. मुलाला एकटे बसवायचे आणि त्याच्यापुढे अक्षरे, सुटे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवायची. जेथवर जाईल तेथवर. एका मुलाला पाचेक मिनिटे पुरतात. समितीतल्या दोन आयांनी व आम्ही मिळून एका शनिवारी ती घेतली. तिसरी-चौथीच्या बावीस पोरांपैकी गोष्टीपर्यंत नऊ पोहोचली. आमची मुलगी त्या नवांत होती, म्हणून आमची छाती फुगली. पण गोष्टीत शेवटी काय झालं गं, असे विचारले तर खाली मान घालून गप्प. घडाघडा वाचले होते आणि आत काहीच उतरले नव्हते. त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही फारसे कोणाशी बोललो नाही.

आता करायचे काय? सभेत एक जाणते सभासद म्हणाले, “मास्तरास्नी पगार हाय, डी.एड. झाल्यात, आता त्यास्नी आनि काय शिकवायचं? शिकवत न्हाईत एवढंच.” हे मत पुष्कळांचे असते. आमचेही होते. पण आमच्याच खात्यातील एक गोष्ट आठवली, ती त्यांना सांगितली.

२०१८ साली खोडव्याचे उत्पादन वाढवावे म्हणून आम्ही आमच्या शेतकी मदतनिसांना व स्लिपबॉयना हॉलमध्ये बसवून तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले. तज्ज्ञ आणले, पडद्यावर चित्रे दाखविली, जेवण उत्तम होते, शेवटी प्रमाणपत्रे वाटली. पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, खत पहारीने द्या, हे सर्वांना पाठ झाले. त्या हंगामानंतर शिवारात फिरलो तर पाचटाला काड्या लागलेल्याच आणि खत सरीत फेकलेले. सुरुवातीस आम्ही पोरांवरच चिडलो. मग लक्षात आले की, ज्याने स्वतः कधी पहार मारली नाही तो शेतकऱ्याला बांधावरून काय सांगणार? पुढच्या वर्षापासून हॉल बंद केला. दर गुरुवारी पाच जणांनी एका शेतात जायचे, एकाने करायचे, चौघांनी पाहायचे. बुडख्यापासून दहा ते पंधरा सेंटिमीटरवर, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल, असे सांगणे सोपे. वाफसा नसेल तर पहार कशी उडते हे हातालाच कळते. एकाची चूक दुसरा दाखवायचा, आणि पुढच्या गुरुवारी ती सुधारली का हेही तोच पाहायचा. पाचट जाळणे त्यानंतर कमी झाले. बंद झाले असे म्हणणार नाही.

आमच्या पदविकेच्या पुस्तकात ‘प्रशिक्षण व भेट’ योजना होती. १९७० च्या दशकात डॅनियल बेनॉर यांनी मांडलेली ती पद्धत भारतात आली. कृषी सहायकाला पंधरा दिवसांनी प्रशिक्षण, आणि त्याने ठरल्या वारी ठरल्या गावाला जायचे. तिची शिस्त चांगली. खोट एवढीच की संदेश वरून खाली येई, खालची अडचण वर जायला वाट फार बारीक. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचेही पुष्कळ अंशी तसेच आहे. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला. कॅनॉलच्या टेलला ज्यांची जमीन आहे त्यांना जास्त सांगायला नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. तास कमी नाहीत. ते हॉलमध्ये जातात की शिवारात, हा प्रश्न आहे.

जपानात शिक्षकांची शिवारफेरी फार जुनी आहे, अगदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो खऱ्या वर्गात घेतो, बाकीचे पाठीमागे उभे राहून मुलांकडे पाहतात, नंतर बसून बोलतात आणि पाठ सुधारतात. पण इतक्या लांब जायला नको. सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी मुलांनी स्वतः करून शिकण्याची पद्धत बसविली. ती पाहायला राज्यभरचे शिक्षक गाड्या करून गेले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात कुमठ्याचे नाव प्रत्येक केंद्रात घेतले जाई. जे शिक्षक पाहून आले त्यांतल्या काहींनी नुसती फरशीवरची रंगीत आखणी उचलली, हेही आम्ही ऐकून आहोत. दुसऱ्याच्या प्लॉटवरून बेणे आणावे, मशागत मात्र आपली जुनीच, तसे.

आमच्या शाळेत पहिली-दुसरी बाईंकडे. त्यांना समितीने विचारले, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. आम्हाला वाटले, टीव्ही संच मागतील. बाई म्हणाल्या, “मला दुसऱ्या कुणाचा तरी पहिलीचा वर्ग बघायचाय. अकरा वर्षं झाली नोकरीला. वर्ग चालू असताना दुसऱ्याचं शिकवणं मी एकदाही पाहिलेलं नाही.”

सभासदहो, अकरा वर्षे! आपण दुसऱ्याच्या अडसालीत उभे न राहता अकरा हंगाम ऊस लावला असता का?

केंद्रप्रमुखांशी बोलणे झाले. महिन्याला शिक्षण परिषद होतेच. तिचा निम्मा वेळ पोरांसह चालू वर्गात घ्यावा, असे ठरले. शिवाय महिन्यातून एकदा बाईंनी किंवा मुख्याध्यापकांनी शेजारच्या शाळेत जायचे. त्या दिवशी रिकाम्या वर्गाचे काय? दुसरे गुरुजी दोन्हीकडे लक्ष ठेवणार, आणि समितीतल्या आया पाळीपाळीने गोष्टी वाचून घ्यायला बसणार. जाण्यायेण्यास गट ऑफिसची जीप होती. ती त्या रस्त्याने तशीही जाते.

पहिलाच पाठ आमच्या शाळेत झाला आणि बिनसले. बाहेरच्या एका शिक्षकांनी सर्वांसमोर सांगितले की मागच्या चार पोरांचे डोळे पुस्तकावर नव्हते. ती दुसऱ्यांचे ऐकून ओठ हलवीत होती. खरे होते. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, आणि पुढची फेरी त्या चुकवायच्याच बेतात होत्या. तेव्हापासून नियम केला की पाहुण्याने बाईंविषयी बोलायचे नाही, मुलांनी काय केले तेवढेच सांगायचे, आणि ते एका दोनशेपानी वहीत लिहायचे. त्या चौघांना बाईंनी पुढे रोज वेगळे दहा मिनिटे घेतले. मुख्याध्यापकांनी आराखड्याचा कागद नव्याने लिहिला. बांधकामाला त्यात अर्धे पान गेले आणि कोणत्या महिन्यात कोणाचा वर्ग कोण पाहणार याला दोन पाने.

पटाच्या रकान्यात आणखी एक भर पडली. डिसेंबरात तळावर टोळ्या येतात त्यांची मुले कोणत्याही अंदाजात नसतात. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे कायद्याच्या ९ व्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर आहे. आपला ऊस तोडणाऱ्याचे पोर वाड्याच्या मोळीवर बसून दिवस काढते, त्याला कारखाना म्हणून आपण अगदीच परके नाही. आम्ही मुकादमाला धरून तळावरची यादी केली, ती आराखड्यास जोडली. आली त्यातली निम्मीच, आणि मार्चमध्ये पट्टा पडताच गेली.

२०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा तीच चाचणी घेतली. तिसरी-चौथीत एकोणीस पोरे होती, चौदा गोष्टीपर्यंत गेली, आणि या खेपेस ‘काय झालं’ हेही विचारले. पाच राहिली. पिवळी गाडी अजून येते. तीत बसणारी दोन पोरे मात्र परत आली.

त्याच वर्षी बाईंची बदली झाली. आपल्या भागात ही गोष्ट ठरलेलीच, त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. नव्या गुरुजींनी वही घेतली आणि कपाटात ठेवली. दोन महिने ती तेथेच होती. समितीतल्या एका आईने विचारले, “गुरुजी, पुढची फेरी कुणाकडं?” तेव्हा कपाट उघडले. फेरी त्यांच्या आराखड्यात लिहिलेली होती, त्यामुळे नाही म्हणता आले नाही. नुसती बाईंची हौस म्हणून चालली असती तर तिच्याबरोबरच गेली असती.

ज्या चार गावांनी कमान मागितली आहे त्यांना आमची विनंती एवढीच की, आपल्या शाळेचा आराखडा काढून एकदा वाचावा. नवी समिती आली असेल तर तो मार्चपूर्वी तीन महिने, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार लागतो. कागद घेऊन कोणत्याही शनिवारी दुपारी गट ऑफिसला या. मुख्याध्यापकांनाही आणा, आणि समितीतल्या एखाद्या ताईंना जरूर आणा. चाचणीचे कागद आमच्याकडे आहेत, जीपचे वेळापत्रक तेथेच ठरवू. कमानीचा अर्जही सोबत असू द्या. तो आम्ही गठ्ठ्यात सर्वांत खाली ठेवू.

— ऊस विकास अधिकारी