ग्रेट डिक्स्टर: लट्येन्सनी जोडलेली घरं

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यात नॉर्थियम नावाचं गाव आहे. तिथली डिक्स्टर ही शेती आणि तिच्यावरचं मोडकळीला आलेलं घर नथॅनिएल लॉइड यांनी १९१० साली विकत घेतलं. छपाईच्या धंद्यात पैसा मिळवलेले लॉइड जुन्या इमारतींचे वेडे होते. घराच्या दुरुस्तीसाठी आणि वाढीव बांधकामासाठी त्यांनी वास्तुकार एडविन लट्येन्स यांना बोलावलं. दिल्लीमुळे हे नाव आपल्या ओळखीचं आहे, पण हा माणूस खरा घडला तो सरे-ससेक्सच्या शेतघरांमध्ये. लहानपणी ते काचेचा तुकडा आणि टोक काढलेला साबण घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडत, आणि काचेतून दिसणारं घर त्या काचेवरच साबणाने रेखत. पुढे त्यांच्या इमारतींत छपराचा उतार आणि धुराड्याची उंची इतकी अचूक साधलेली दिसते, त्या अचूकपणाचं मूळ मला या सवयीत वाटतं.

डिक्स्टरचं मूळ घर पंधराव्या शतकाच्या मध्यावरचं आहे. वील्ड नावाचा हा सारा मुलूख ओकच्या रानांचा आणि चिकणमातीचा, त्यामुळे घरं उभी राहिली तीही ओकच्या सांगाड्यावर. इथले सुतार ओक ओला असतानाच घडवत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. एका तुळईच्या टोकाला जीभ काढायची, दुसरीत तिच्या मापाची खाच पाडायची आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघत, सांध्यांवर खुणेचे आकडे कोरत, मग सुटा करून जागेवर उभारत. खांबांमधल्या जागेत काटक्यांचा कूड विणून त्यावर माती लिंपत. लाकूड पुढे वाळत जातं तसं वाकतं, पिळवटतं. म्हणून अशा घरांत ओळंब्याला उतरेल अशी भिंत क्वचित सापडते. डिक्स्टरचा दर्शनी पोर्चही चांगलाच कललेला आहे.

या घराचा प्राण म्हणजे त्याचा ग्रेट हॉल: सुमारे ४० फूट लांब, २५ फूट रुंद आणि ३१ फूट उंच. त्याच्या छपरात दोन पद्धतींचा दुर्मिळ मेळ आहे. कुठे भिंतीपासून भिंतीपर्यंत अख्खी आडवी तुळई, तर कुठे दोन्ही भिंतींमधून आत झेपावणाऱ्या आखूड तुळया आणि मधली जागा मोकळी. पूर्वी अशा हॉलमध्ये जमिनीवरच आगटी पेटे आणि धूर छपरातून बाहेर पडे. विटांची धुराडी आल्यावर एवढ्या उंचीची गरज उरली नाही. लोकांनी मध्ये तक्तपोशी घातली, आडोसे उभे केले. लट्येन्सनी हे सगळं काढून हॉल पुन्हा जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा केला.

विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारती जपण्यासाठी संस्था काढली, तिचा आग्रह होता की प्रत्येक काळाने घातलेली भर ही इमारतीची कमाईच आहे, ती पुसू नये. त्या कसोटीवर लट्येन्स इथे चुकले असं म्हणावं लागेल. तक्तपोशीच्या त्या घरात शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या राहिल्या, त्यांची खूण गेली. तरीही त्या छपराखालचा मोकळा अवकाश मिळाला, हा सौदा मला मान्य आहे.

त्याहून धाडसाचं काम पुढचं. शेजारच्या केंट परगण्यात बेनेंडन गावी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक लाकडी घर पाडायला निघालं होतं. लॉइड यांनी ते ७५ पौंडांना घेतलं. तुळईन् तुळई क्रमांक घालून सोडवली, डिक्स्टरला आणली आणि मूळ घराच्या पाठीमागे पुन्हा जुळवली. खिळ्यांवाचून बांधलेलं घर असं सुटं होऊ शकतं, हे त्या जुन्या सुतारांचंच देणं आहे.

मग दोन घरांना जोडणारी नवी बाजू आली, आणि लट्येन्सचा खरा विवेक मला तिथे दिसतो. त्या काळी विटांच्या भिंतीवर काळ्या फळ्या ठोकून जुन्या घराचा आव आणणं सर्रास चालत असे. लट्येन्सनी जोडकामात ते केलं नाही. नवी बाजू त्यांनी विटांची बांधली आणि तिच्या भिंतींवर भाजलेल्या मातीची कौलं टांगली. पाऊस-वाऱ्यापासून भिंत राखायची ही ससेक्स-केंटची रीतच आहे. उतरतं मोठं छप्पर, उंच धुराडी, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान काचांच्या खिडक्या, सगळं त्याच मातीतलं. आणि तरी जुनं कुठे संपलं, नवं कुठे सुरू झालं, हे बघणाऱ्याला कळतं. गोठा, धान्याचं कोठार, बिअरसाठीची हॉपची फुलं वाळवायची भट्टी यांनाही धक्का न लावता त्यांनी बाग त्यांच्या भोवतीने आखली.

काम १९१२ च्या सुमारास आटोपलं आणि त्याच वर्षी लट्येन्स नव्या राजधानीच्या कामासाठी भारतात आले. इथल्या वास्तुकलेबद्दल त्यांच्या पत्रांत तुच्छता भरलेली आहे. छज्जे, छत्र्या, जाळ्या व्हाइसरॉयच्या प्रासादात आल्या खऱ्या, पण नॉर्थियमच्या सुतारांना त्यांनी जो मान दिला तो इथल्या कारागिरांच्या परंपरेला दिला नाही, याचं वाईट वाटतं.

लॉइड यांच्यावर मात्र या कामाने कायमची छाप पाडली. ते स्वतःच वास्तूंचे अभ्यासक झाले. इंग्लंडच्या वीटकामावर १९२५ मध्ये आणि इंग्लिश घराच्या इतिहासावर १९३१ मध्ये त्यांचे ग्रंथ आले. धाकटे चिरंजीव ख्रिस्तोफर याच घरात १९२१ साली जन्मले, बागकामावरचे नामवंत लेखक झाले आणि २००६ पर्यंत इथेच राहिले. आज घर, बाग आणि शेतवाडी एका विश्वस्त संस्थेकडे आहे. डिक्स्टरच्या स्वतःच्या रानात चेस्टनटची झाडं बुंध्याशी छाटून नव्याने फुटू दिली जातात, आणि त्यांच्या ओल्या लाकडाची कुंपणं हातांनी घडवली जातात.