भाऊबंदकी, अबोला आणि वेदीवरील अर्पण

ख्रिस्ती श्रद्धा आपण कोठे शिकतो? चर्चमध्ये, धर्मशिक्षणाच्या वर्गात, रिट्रीटमध्ये, असे उत्तर आपल्यापैकी बहुतेक जण देतील. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले आहे आणि शब्दाने व उदाहरणाने मुलांना श्रद्धेची पहिली ओळख करून देण्याचे दायित्व आईवडिलांवर सोपविले आहे. याचा अर्थ असा की स्वयंपाकघर, अंगण, वाडी, सामाईक विहीर आणि सातबाऱ्याचा उताराही आपल्या श्रद्धेची पाठशाळा आहे. या पाठशाळेतील सर्वांत कठीण धडा सख्ख्या नात्यांचा असतो. त्याच धड्याचा विचार आपण येथे करणार आहोत.

मराठीत ‘भाऊबंदकी’ हा शब्द आहे. भाऊ आणि बंधू या दोन प्रेमळ शब्दांपासून भांडणाचा वाचक शब्द तयार व्हावा, ही आपल्या समाजजीवनावरील केवढी मोठी टीका आहे! आपल्या धर्मग्रामांतही हे चित्र अपरिचित नाही. वडिलोपार्जित वाडीची वाटणी, सामाईक वाट, बिल्डरने देऊ केलेली रक्कम, म्हाताऱ्या आईला कोणी सांभाळायचे हा प्रश्न, लग्नात राहून गेलेले आमंत्रण, यांपैकी एखादे निमित्त पुरते. मग अबोला सुरू होतो. तो वर्षानुवर्षे टिकतो आणि कित्येकदा मुलांनाही वारशाने मिळतो. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी एकाच आईच्या कबरीवर दोन भाऊ दोन वेगवेगळ्या वेळी मेणबत्ती लावून जातात. आपल्या प्रार्थनाजीवनात पडलेली ही भेग आहे, म्हणून तिला केवळ कौटुंबिक बाब म्हणून बाजूला सारता येत नाही.

पवित्र शास्त्रातील भावंडे

बायबल या विषयावर मौन पाळत नाही. त्यातील पहिले भाऊ काईन व हाबेल. आणि पहिली हत्या भावाच्याच हातून, तीही वेदीवरील अर्पणाच्या निमित्ताने झाली. पुढे याकोब व एसाव यांच्यात ज्येष्ठपणाच्या हक्कावरून फूट पडली. याकोबाला वीस वर्षे परक्या मुलखात काढावी लागली आणि भेटीच्या वेळी त्याने भावाला सात वेळा भूमीपर्यंत लवून नमन केले. योसेफाला तर त्याच्या भावांनी विकून टाकले.

प्रभू येशूपुढेही असा वाद आला होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतील एक मनुष्य प्रभूला विनंती करतो की, माझ्या भावाने मला वतनाचा वाटा द्यावा असे आपण त्याला सांगावे. प्रभूने वाटणी करण्याचे नाकारले. त्याने लोभापासून सावध राहण्याचा इशारा दिला आणि कोठारे वाढविण्याच्या नादात त्याच रात्री मरण पावणाऱ्या धनवानाचा दाखला सांगितला. कोणाचा वाटा किती, याविषयी प्रभू तेथे काही बोलला नाही. त्या मागणीमागे मनात काय दडलेले आहे, हे मात्र त्याने उघड केले.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही मूळ विषय वाटणीचाच आहे. त्यातील एक बारकावा आपल्या लक्षात यावा असा आहे. घराबाहेर रुसून उभा राहिलेला थोरला मुलगा धाकट्याविषयी बोलताना ‘भाऊ’ हा शब्द टाळतो. तो त्याला वडिलांचा मुलगा म्हणतो. पिता उत्तर देताना तो हरवलेला शब्द हळुवारपणे त्याला परत देतो. तो त्याला तुझा भाऊ म्हणतो. अबोल्याचे पहिले लक्षण हेच असते. आपणही नाव घेणे सोडून ‘तो’, ‘ते पलीकडचे’, ‘तुमचे चिरंजीव’ असे बोलू लागतो. थोरला भाऊ शेवटी आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते उत्तर ऐकणाऱ्याने द्यायचे आहे.

अर्पण वेदीपुढे ठेवून

डोंगरावरील प्रवचनात (मत्तय, अध्याय ५) प्रभू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून प्रथम समेट करावा. येथे दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पहिली गोष्ट अंतराची. प्रभू गालील प्रांतात बोलत होता आणि अर्पणाची वेदी यरुशलेमच्या मंदिरात होती. ही दोन ठिकाणे पायवाटेने शंभर किलोमीटरहून अधिक दूर. अर्पण ठेवून गावी परतणे, समेट करणे आणि पुन्हा यरुशलेमला येणे म्हणजे अनेक दिवसांची पायपीट. ऐकणाऱ्यांना हे नक्कीच उमगले असेल. आपला भाऊ बहुधा कुंपणापलीकडे राहतो; आपल्याला दहा पावलेही जड जातात.

दुसरी गोष्ट पुढाकाराची. येथे प्रभू आपल्या मनातील रागाविषयी बोलत नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काय आहे, ते आठवायला सांगतो. पुढे अठराव्या अध्यायात तो उलट परिस्थिती घेतो. भावाने आपला अपराध केला असेल, तर आपणच जाऊन त्याच्याशी एकांतात बोलावे. त्याने ऐकले नाही तर एक-दोन जणांना सोबत न्यावे आणि त्यानंतरच मंडळीला सांगावे. चूक कोणाचीही असो, दोन्ही प्रसंगी पहिले पाऊल आपण टाकायचे आहे. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो. सर्वांत आधी गावाला सांगतो आणि ज्याला सांगायचे त्याला कधीच सांगत नाही.

ख्रिस्तसभेच्या उपासनेत हा धडा आरंभापासून जपला गेला आहे. दुसऱ्या शतकात, इ.स. १५५ च्या सुमारास, संत जस्टीन यांनी लिहून ठेवले आहे की, प्रार्थनेनंतर श्रद्धावंत एकमेकांना शांतीचे चुंबन देत आणि मग भाकर व द्राक्षारस आणला जाई. मिलान येथील अँब्रोशियन उपासनाविधीत आजही शांतीची खूण अर्पणापूर्वी होते. आपल्या रोमन विधीत ती प्रभूच्या प्रार्थनेनंतर व ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी येते. २०१४ मध्ये रोमने या स्थानाचा पुनर्विचार करून ते कायम ठेवले. भारतात आपण हात जोडून नमस्कार करतो. डावीकडे, उजवीकडे वळून केलेला तो नमस्कार पाठीमागच्या बाकावर बसलेल्या भावापर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न प्रत्येक रविवारी आपल्यापुढे उभा असतो.

कर्जाचा हिशेब

संत पेत्राने प्रभूला विचारले होते की, भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का? त्यावर प्रभूने निर्दय चाकराचा दाखला सांगितला. त्यातील रकमा आपण सहसा मोजत नाही. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. चाकराला १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दीनार माफ झाले. वर्षाला ३०० दिवस काम धरले तर ही दोन लाख वर्षांची मजुरी होते. त्याच्या सोबत्याकडून त्याला येणे होते १०० दीनार, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. दोन रकमांमध्ये सहा लाख पटींचा फरक आहे.

शंभर दीनार ही क्षुल्लक रक्कम नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. भावाने केलेला अन्याय खरा असतो, त्याची झळही खरी असते. प्रभू ते नाकारत नाही. परमेश्वराने आपल्याला जे माफ केले आहे त्याच्या शेजारी ठेवून ते पाहावे, एवढेच तो सांगतो. पापनिवेदन करून हलक्या मनाने घरी परतणारा मनुष्य दारातच भावाचा हिशेब मांडू लागला, तर तो त्या चाकराच्याच वाटेने चालला आहे.

क्षमा आणि न्याय

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. क्षमा म्हणजे अन्याय झाकणे नव्हे. योसेफाने भावांना क्षमा केली. परंतु ते बदलले आहेत का, हे त्याने आधी पारखून घेतले. धाकट्या बेंजामिनऐवजी स्वतः गुलाम राहण्याची तयारी यहूदाने दाखविली, तेव्हाच योसेफाला रडू आवरले नाही. घरात मारहाण होत असेल, तर सुरक्षित स्थळी जाणे व मदत मागणे हे क्षमेच्या आड येत नाही.

वाटणीबाबतही हेच म्हणता येईल. भारतीय वारसा कायदा, १९२५ नुसार ख्रिस्ती पुरुष मृत्युपत्र न करता मरण पावला आणि त्याच्यामागे पत्नी व मुले असली, तर सर्वसाधारणपणे पत्नीला एक तृतीयांश वाटा मिळतो व उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये समान वाटले जाते. त्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही. गोव्यात याबाबत वेगळा नागरी कायदा लागू आहे. असे असता, माहेर तुटेल या भीतीने हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीचे मौन म्हणजे समेट नव्हे. स्वेच्छेने दिलेली देणगी आणि दडपणाखाली सोडलेला हक्क यांतील अंतर परमेश्वर जाणतो. आईवडिलांनी हयातीतच, सर्व मुलांना एकत्र बसवून, स्पष्ट मृत्युपत्र करून ठेवणे हीदेखील प्रीतीची सेवा आहे, असे आम्हांस वाटते.

आज काय करता येईल?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १३ मे २०१५ रोजी कुटुंबांना तीन शब्द दिले आणि २०१६ मधील ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात त्यांचा पुनरुच्चार केला: परवानगी मागणारा ‘कृपया’, कृतज्ञतेचा ‘आभारी आहे’ आणि नम्रतेचा ‘मला क्षमा कर’. आपल्या बोलीत नात्यातल्या माणसाचे आभार मानणे अवघड वाटते, हे खरे. मग शब्दांऐवजी कृती करावी. नाताळच्या गोडधोडाचे एक ताट भावाच्या घरी आपल्या मुलांच्या हातून पाठवावे. भावजय आजारी असेल तर विचारपूस करावी. घरच्या रोझरीत त्या कुटुंबाचे नाव घेऊन एक प्रार्थना अर्पावी. ज्याच्यासाठी आपण रोज प्रार्थना करतो त्याच्याविषयी कडवट बोलणे हळूहळू कठीण होते. वाद गुंतागुंतीचा असेल, तर दोघांनाही मान्य असलेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीला किंवा आपल्या धर्मगुरूंना मध्ये घ्यावे.

काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही, असे आपले पूर्वज म्हणत. ही म्हण खरी ठरविण्यासाठी कोणाला तरी आधी काठी खाली ठेवावी लागते. समोरून प्रतिसाद येईलच असे नाही. तरीही आपण टाकलेले पाऊल वाया जात नाही. कारण अर्पण स्वीकारणारा प्रभू आपण वेदीपासून भावाच्या दारापर्यंत गेलेली वाटही पाहतो. येत्या रविवारी मिस्साला निघण्यापूर्वी, जे एक नाव उच्चारणे आपण सोडून दिले आहे, ते प्रार्थनेत मोठ्याने घ्यावे, एवढीच आमची वाचकांना नम्र विनंती.