मूठभर धान्य व अर्धा एकर जमीन

अन्नदानाची चाल आपल्या वऱ्हाडांत नवी नाहीं. खळ्यावर रास पडली कीं ती घरीं नेण्यापूर्वीं तींतून बलुतेदाराचा व याचकाचा वांटा निघत असे. परंतु आज वाशीम जिल्ह्यांतील खळ्यांवर बहुतेक सोयाबीनच दिसतें. तें थेट बाजारांत जातें; त्याची भाकरी होत नाहीं. मग भुकेल्यास द्यावयाचें तें काय, असा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचें एक उत्तर पूर्वींच सातारा जिल्ह्यांत मिळालेलें आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहूंचें नांव मिळालें. निरनिराळ्या जातींचीं मुलें तेथें एका पंक्तीस जेवीत. त्यांच्या अन्नासाठीं कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरील दागिने मोडले. लोकांनीं दिलेलें मूठभर धान्य आणि मुलांचे स्वतःचे श्रम, या दोहोंच्या जोडीवर तें कार्य उभें राहिलें.

ही जोडी कां लागते, हें आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्यास स्वानुभवानें कळलें. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेंत स्वयंसेवकास दोन वर्षांत २४० तास सेवा करावी लागते. त्याच्या तुकडीनें निराधारांसाठीं खेड्यांतून धान्य गोळा केलें. पोतीं भरलीं, पण उघडून पाहतां बरेंचसें चाळणीखालचें व किडकें निघालें. तें निवडण्यांतच दोन दिवस गेले. पुढील खरिपांत एका शेतकऱ्यानें अर्धा एकर जमीन दिली. मुलांनीं तींत ज्वारी व तूर पेरली. सभोंवार सारें सोयाबीन. त्यामुळें कणसांत दाणा भरतांच शिवारांतील सर्व पांखरें त्याच तुकड्यावर उतरलीं. मुलांनीं पाळीपाळीनें पहाटेपासून राखण केली. ज्वारी आपल्याकडून कां सुटत गेली, हें त्यास पुस्तकावांचून कळलें; आणि किडका दाणा दान म्हणून पुढें करणें किती लाजिरवाणें, हेंही कळलें.

यास्तव वाचकांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. द्यावयाचें धान्य पहिल्या राशींतील, दांताखालीं कडकन् फुटेल असें वाळलेलें असावें. तें मापून द्यावें व वहींत मांडावें. दुसरें, ज्यांस शक्य आहे त्यांनीं जवळच्या शाळेस अथवा वसतिगृहास अर्धा एकर जमीन एका हंगामापुरती द्यावी. जमीन दिल्यास हक्क जाईल, अशी धास्ती अनेकांस असते. महसूल खात्यांत लेखणी झिजविलेल्या माणसास ती अगदींच अनाठायीं वाटत नाहीं. म्हणून मुदत व हेतु कागदावर लिहून ठेवावा, खंड घेऊं नये, आणि २०२१ सालीं सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत पिकाची नोंद मालकानें स्वतः करावी.

दात्याचें जातें तें अर्ध्या एकराचें एका हंगामाचें उत्पन्न. गांवास मिळतें तें खाण्याजोगें धान्य आणि दाण्याचें मोल जाणणारीं मुलें. येत्या रब्बींत हरभऱ्याच्या एका तुकड्यापासून याचा आरंभ करतां येईल.