मुरगळलेला घोटा

बेंगळुरूच्या शिवाजीनगरातील रसेल मार्केटात फळे, भाजी, मासळी यांची ओझी दिवसभर वाहिली जातात. ओल्या फरशीवर एखाद्या हमालाचा पाय वाकडा पडतो, घोटा मुरगळतो आणि पाहता पाहता सुजतो. हाड मोडलेले नसते, पण मजुरी बुडते. सूज उतरली की कामावर जायचे, असा हिशेब मग घरात मांडला जातो. शरीराचा हिशेब मात्र निराळा असतो.

हाडाला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याला अस्थिबंध म्हणतात. पाऊल आत वळले की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो व त्याचे काही तंतू तुटतात. बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. रक्तपट्टिका तेथे जमून रक्तस्राव थांबवितात. मग लगतच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून द्रव व पांढऱ्या रक्तपेशी दुखावलेल्या जागी उतरतात. हीच सूज होय. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच नोंदविली होती. सूज म्हणजे साचलेले वाईट रक्त, असे समजून ती पहिल्याच दिवशी जोराने चोळणारे आजही आढळतात. त्याने रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. वास्तविक या पेशी तुटलेल्या तंतूंचा कचरा उचलतात आणि पुढील कारागिरांना बोलावून घेतात.

हे कारागीर म्हणजे तंतू निर्माण करणाऱ्या पेशी. साधारणतः तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून काही आठवडे त्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे तयार करतात. घाईने विणलेल्या बाजेसारखे हे धागे आडवेतिडवे पडलेले असतात. वेदना थांबली तरी अस्थिबंध अजून कच्चा असतो, आणि नेमके तेव्हाच ओझे पुन्हा डोक्यावर चढते! पुढची डागडुजी अनेक महिने, कधी वर्षभरही चालते. ज्या दिशेने ताण पडतो, त्या दिशेला धागे हळूहळू रांगेत लागतात. म्हणूनच पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि नंतर सोसेल तेवढी हालचाल, हा क्रम योग्य ठरतो.

गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र सांगितले. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले, की बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे इजा भरून येण्यास विलंब होऊ शकतो. बर्फाने वेदना शमते, एवढे खरे.

दुखऱ्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. शिवाजीनगरातील रहिवाशांना त्यासाठी बौरिंग हे सरकारी रुग्णालय जवळ आहे.

पायाची स्थिती मेंदूला कळविणारी चेतातंतूंची टोकेही अस्थिबंधात असतात. इजेनंतर ही सूचना नीट पोहोचत नाही आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. त्यासाठी वेदना ओसरल्यावर भिंतीचा आधार घेऊन रोज थोडा वेळ त्या एका पायावर उभे राहण्याचा सराव करतात.